भिंतीपलीकडची गोदी

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात हॅनबरी गावाजवळ, शेतांच्या मधोमध एक प्रचंड खड्डा आहे. ३० मीटर खोल आणि जवळपास २३० मीटर रुंद. तिथे जमिनीखाली जिप्समची जुनी खाण होती आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ती दारूगोळा साठवायला घेतली होती. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी त्या फॉल्ड डेपोतले साडेतीन ते चार हजार टन बाँब एकदम फुटले. वरचं एक अख्खं शेतघर नाहीसं झालं, जवळच्या जलाशयाचा बांध फुटून चिखलाचा लोंढा प्लॅस्टरच्या कारखान्यात शिरला, सत्तरच्या आसपास माणसं गेली. आज त्या खड्ड्यात झाडं वाढली आहेत. भोवती कुंपण आहे, धोक्याच्या पाट्या आहेत, स्मारकाचा दगड आहे. लोक पायवाटेने जातात, काठावर उभे राहतात आणि इथे काय झालं ते त्यांना डोळ्यांनी दिसतं.

त्याच वर्षी, फॉल्डच्या सात महिने आधी, मुंबईच्या गोदीत युद्धाचाच दारूगोळा फुटला. माणसं त्याच्या कितीतरी पट जास्त मेली. पण आपल्याकडे खड्डा नाही. जिथे स्फोट झाला ते पाण्यावर तरंगणारं जहाज होतं आणि पाण्यावर खूण राहत नाही. शिवाय मुंबईला मोकळी जागा मोकळी ठेवायची सवय नाही. म्हणून गोदीतल्या त्या स्फोटाची जागा बघायला जायचं असेल, तर आधी गोष्ट माहीत असावी लागते.

आमच्या मुलुंडहून गोदीजवळच्या मसजिद स्टेशनला जाणं म्हणजे स्लो लोकलचा तासाभराचा प्रवास. रेल्वेच्या हिशेबाने मुलुंड सीएसएमटीपासून ३१ किलोमीटरवर. स्फोटाचा आवाज ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेला अशी नोंद आहे, म्हणजे मुलुंड, ठाणं आणि कल्याणही त्या आवाजाच्या टापूत होतं. पूर्वी घराघरांत जन्मसाल सांगताना ‘गोदीत स्फोट झाला त्या वर्षीचा’ असं म्हणायचे. माझ्या पिढीने ते शब्द ऐकले आणि त्यांचा अर्थ विचारायचा राहून गेला.

मसजिद स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की घाऊक बाजाराची गर्दी सुरू होते. हातगाड्या, पाठीवर ओझी घेतलेले हमाल, सुक्या मिरचीचा नाकात जाणारा खाट. ती ओलांडून समुद्राच्या दिशेने गेलं की पी. डि’मेलो रोड लागतो. याचं जुनं नाव फ्रियर रोड. गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डि’मेलो यांचं नाव या रस्त्याला मिळालं हे फार योग्य झालं, कारण हा रस्ता घडला तो त्याच कामगारांच्या पायांनी. रस्त्याच्या एका बाजूला गोदीची लांबच लांब भिंत आहे. मधूनमधून दरवाजे, आणि दरवाजांची नावं रंगांवरून: यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला दरवाजा सापडावा, अशी ही जुनी सोय असावी. यलो गेटच्या नावाचं तर पोलीस ठाणंही आहे. २०१३ साली झालेला पूर्व मुक्त मार्ग ऑरेंज गेटपाशी चढतो आणि गाड्या भिंतीच्या वरून चेंबूरकडे सुसाट जातात. त्या पुलावरून डाव्या-उजव्या हाताला जे दिसतं, ते १९४४ च्या एप्रिलमध्ये जळत होतं.

जहाजाचं नाव एस. एस. फोर्ट स्टिकीन. ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडाच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघालं. जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असा प्रवास करत १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीच्या १ नंबरच्या धक्क्याला लागलं. पोटात १,३९५ टन स्फोटकं. त्यातली २३८ टन अतिसंवेदनशील, ‘अ’ वर्गातली. पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमानं. आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ लगडी, त्या काळच्या हिशेबाने सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांच्या.

इथवर ते युद्धकाळातलं इतर जहाजांसारखंच एक जहाज होतं. घात सुरू झाला कराचीला. तिथे रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड असा माल चढवला. युद्धात जहाजांची टंचाई होती, एक खणही रिकामा जाऊ द्यायचा नाही असा आदेश होता. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांना हा शेजार पसंत नव्हता, पण आदेशापुढे त्यांचं चाललं नाही. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या खणात, खाली कापूस आणि त्याच्या वर स्फोटकं, अशी रचना झाली.

कापसाची गाठ पेटते कशी, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं समजत नाही. सरकी काढलेला कापूस यंत्राखाली दाबून गाठ बांधतात. वरून ती दगडासारखी घट्ट वाटते, पण तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. एक ठिणगी आत शिरली की ज्वाळा दिसत नाही. गाठ आतल्या आत धुमसत राहते, तासन्‌तास. वरून पाणी मारलं तर बाहेरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच. त्यात तेल लागलेलं असेल तर विचारायलाच नको.

शांततेच्या काळात स्फोटकं घेऊन आलेलं जहाज गोदीत घ्यायचंच नाही, बाहेर समुद्रात उभं करून पडावांत माल उतरवायचा, असा नियम होता. युद्धात तो शिथिल केला. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल बावटा लावायला हवा होता, तो लावला नव्हता. आणि गोदीत लागल्यावर सगळ्यात आधी जी स्फोटकं उतरायला हवी होती, ती दोन दिवस पोटातच राहिली. नंतरच्या चौकशीत या चुका एकेक करून नोंदल्या गेल्या. त्या वाचताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की यातली एकही चूक करणाऱ्याला त्या क्षणी ती मोठी वाटली नसेल. प्रत्येकाने आपल्यापुरती एक सवलत घेतली, आणि सगळ्या सवलती एकाच होल्डमध्ये येऊन साठल्या.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार होल्डमध्ये उतरू लागले तेव्हा त्यांना धूर दिसला. दोनच्या सुमारास जहाजावर आगीची वर्दी झाली. खलाशी, गोदीचे बंब, पाण्यावरच्या अग्निशामक बोटी, सगळे कामाला लागले. शहराच्या अग्निशमन दलाला कळवायला उशीर झाला. ते आल्यावर पाण्याचा मारा वाढला; एकूण ९०० टनांहून जास्त पाणी होल्डमध्ये ओतलं गेलं. दाट धुरात आगीचं मूळ काही सापडेना. आतल्या उष्णतेने जहाजाभोवतीचं पाणी उकळायला लागलं.

होल्डच्या आत काय घडत होतं, ते मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणतो. पाणी भरत जातं तशा कापसाच्या गाठी तरंगतात. वरून भिजलेल्या, आतून पेटलेल्या. पाण्याची पातळी जसजशी चढते, तसतशा त्या गाठी वर, स्फोटकांच्या दिशेने सरकत जातात. बंबवाले जिवापाड जे करत होते, त्यानेच आग दारूगोळ्यापर्यंत पोचत होती. खण बंद करून आत वाफ सोडली असती तर हवा हटून आग कदाचित गुदमरली असती. तो उपाय केला गेला नाही, यावरही चौकशीत बोट ठेवलं गेलं.

धक्क्यावर तेव्हा दोन मतं होती. एक, जहाज इथल्या इथे बुडवा. दुसरं, ओढून बाहेर समुद्रात न्या. दोन्ही मतांना अडचणी होत्या. गोदीतल्या उथळ पाण्यात जहाज तळाला टेकलं तरी वरचे खण कोरडेच राहणार. आणि व्हिक्टोरिया गोदी ही दरवाजांनी बंद केलेली गोदी, भरतीच्या वेळेशी बांधलेली; वाटेल तेव्हा जहाज बाहेर काढायला ती काही उघडी खाडी नव्हती. तरीही यातलं काहीतरी एक ठरवायला हवं होतं. ठरवणार कोण? कप्तान, बंदराचे अधिकारी, लष्कराचे दारूगोळ्याचे जाणकार, अग्निशमन दलाचे प्रमुख, सगळे तिथे होते. सगळ्यांच्या वर कोणीच नव्हतं. पाऊण तास, तास, दीड तास असा वेळ गेला आणि पाणी मारणं चालू राहिलं.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट.

जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. शिमल्याच्या भूकंपमापकावर, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर दूर, हादरा नोंदला गेला. शेजारी लागलेल्या, सिंदिया कंपनीच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर पडला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला आणि पेटलेला कापूस आकाशातून शहरावर पडला. मांडवीच्या वखारींवर, चाळींवर, झोपड्यांवर. गोदाम जवळ असलेल्या वस्तीत एका जळत्या गाठीला फार काही करावं लागत नाही. आसपासची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. धान्याच्या ५०,००० टनांहून जास्त साठ्याची राख झाली, तीही शहरात रेशनिंग चालू असताना, बंगालच्या दुष्काळाला वर्षही उलटलं नसताना. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ८०,००० माणसं बेघर झाली, ५०,००० जणांचा रोजगार गेला.

आणि मेले किती? नोंदी सांगतात, ८०० ते १,३००. मी या आकड्यापाशी नेहमी अडखळतो. सोन्याच्या लगडी १२४, हे पक्कं ठाऊक आहे. पेट्या ३१, हेही. गोदीतल्या गाळातून पुढे कित्येक वर्षं, अगदी या शतकापर्यंत, त्या लगडी सापडत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या. एक लगड तर उडून मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात आणि सांगावी अशीच आहे. पण माणसांच्या आकड्यात ५०० जणांचा फरक राहिला. गोदीत रोजंदारीवर टोळ्यांनी येणारे मजूर, कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेले. सकाळी दरवाजातून कोण आत गेलं याची कायमची यादी कुठे नव्हती. ज्यांचं शरीरच उरलं नाही, त्यांची नोंद कुठल्या वहीत होणार? घरी वाट बघणारं माणूस गावी असेल, तर त्याला कळायलाही किती दिवस लागले असतील. या गोष्टीत सोनं आहे म्हणून ती सांगितली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मृतांपैकी एका गटाची मात्र पक्की मोजदाद आहे: अग्निशमन दलाचे ६६ जवान. जहाजाच्या सगळ्यात जवळ तेच होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह असतो. त्या आठवड्यात शाळेत, कचेरीत छातीला लावायला छोटा झेंडा मिळतो. मुलुंडच्या कुठल्याही शाळेतल्या मुलाने तो कधी ना कधी लावला असेल. तो मुंबईच्या या दुपारचा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. याच तारखेला बाबासाहेबांची जयंती असते आणि सारी मुंबई रस्त्यावर असते. १९४४ च्या त्या दिवशी स्वतः बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

बातमी दाबली गेली. कोहिमाला आणि इम्फाळला जपानी फौजा भिडल्या होत्या. मुंबईत हे जपान्यांचं काम अशीच अफवा आधी उठली. सरकारने सेन्सॉर लावला. गंमत नव्हे, दुर्दैव असं, की जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच सविस्तर वृत्त दिलं आणि आपल्या वर्तमानपत्रांना ते छापायची मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सिनेछायाचित्रकार सुधीश घटक यांनी आगीचं चित्रण केलं होतं. ती फिल्म लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केली. ज्या शहराच्या छतावर जळता कापूस पडला, त्याच शहराला महिनाभर त्याबद्दल छापील ओळ मिळाली नाही. आठवण तोंडी राहिली, ती अशाने. आणि तोंडी आठवण एका पिढीनंतर क्षीण होते.

बंदर मात्र झपाट्याने उभं केलं. ८,००० माणसांनी सात महिने राबून सुमारे ५ लाख टन ढिगारा उपसला. ब्रह्मदेशच्या आघाडीला माल पुरवायचा होता, थांबून चालणार नव्हतं. सरकारने जबाबदारी मान्य केली, नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम निघाला, दावे तपासले गेले.

आता त्या १ नंबरच्या धक्क्यावर जाता येतं का? सहजासहजी नाही. गोदी हा सुरक्षित भाग आहे. पास लागतो, कारण लागतं. आणि आत गेलात तरी १९४४ ची गोदी तिथे नाही. कंटेनर टर्मिनलसाठी या शतकात व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस गोद्यांमध्ये भराव घालायचं काम निघालं. जिथे जहाजं तरंगत होती, तिथे आता बऱ्याच ठिकाणी फरसबंदी आहे. हॅनबरीला जमीन गेली आणि खड्डा राहिला. मुंबईत पाणी होतं, तेही बुजत गेलं. गाळात मात्र ती दुपार अजून होती: ऑक्टोबर २०११ मध्ये गाळ उपसताना ४५ किलो वजनाचा तोफगोळा सापडला, जिवंत.

अशा ठिकाणाला आपण भेट कशासाठी द्यायची, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. माझं उत्तर असं: पुढच्या वेळी होल्डमध्ये काय आहे हे विचारायची सवय लागावी म्हणून. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं. ते तिथे वर्षानुवर्षं पडून होतं, अनेक कचेऱ्यांना ठाऊक होतं, आणि आग लागल्यावर धावलेल्या अग्निशमन दलाच्या तुकडीला कोणी सांगितलं नाही. ती दहाही माणसं गेली. आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा डेपोत ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी आग लागली; तिथेही मृतांत बहुतेक जण आग विझवायला गेलेले होते. काळ वेगळे, देश वेगळे, पण आगीकडे पळत जाणाऱ्या माणसाला समोर काय आहे हे सांगितलेलं असलं पाहिजे, एवढी साधी मागणी ८० वर्षांनंतरही पुरी झालेली नाही.

मसजिदच्या स्टेशनात किंवा पी. डि’मेलो रोडच्या भिंतीवर एक नकाशा लावता येईल. १ नंबरचा धक्का कुठे होता, आग कुठवर गेली, मांडवीच्या कुठल्या गल्ल्या जळाल्या. खर्च फारसा नाही. मृतांच्या यादीत ज्यांची नावं मिळतील ती मराठीत, हिंदीत, उर्दूत लिहावीत. ज्यांची नाहीत, त्यांच्यासाठी ‘गोदी कामगार’ एवढं तरी लिहावं.

तोवर जायचं असेल तर आधी भायखळ्याला उतरा. अग्निशमन दलाच्या मुख्यालयात हुतात्म्यांचं स्मारक आहे. १४ एप्रिलला तिथे मानवंदना असते. मग पुढची स्लो पकडून सँडहर्स्ट रोड सोडा आणि मसजिदला उतरा. पूर्वेला बाहेर पडून पी. डि’मेलो रोडने उत्तरेकडे, ऑरेंज गेटच्या दिशेने चाला. सकाळी लवकर गेलेलं बरं, ट्रकांची रांग लागायच्या आत. भिंत उजव्या हाताला ठेवायची. सोबत शाळेतलं मूल असेल तर त्याला एप्रिलमध्ये लावलेल्या झेंड्याची गोष्ट इथेच सांगा, भिंतीला लागून उभं राहून. मसजिदपासून जवळपास मैलभर चाललात की सोन्याची लगड उडून जेवढ्या अंतरावर पडली, तेवढं अंतर पायांखालून जातं.